पाचव्या दिवशीचा हंडा

आमच्या गल्लीत कुणाला वार विचारू नका. सोमवार की गुरुवार, कुणी धड सांगायचं नाही. नळाला किती दिवस झाले ते विचारा, झोपेतून उठवलं तरी माणूस बरोबर सांगेल. आमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो. येतो तो पहिला दिवस आणि तिथून आमची मोजणी सुरू. गोधड्या धुवायच्या पहिल्या दिवशी. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं फार तर दुसऱ्या दिवशी. एकदा माझ्या भाचीच्या सासरची मंडळी सिल्लोडहून न कळवता सहाव्या दिवशी येऊन टपकली. मी दारात "या, या" करतेय आणि आमचे हे मागच्या अंगणात हौदात काठी बुडवून बघतायत. आंघोळी करणार आहेत का ते, असं त्यांनी मला लांबूनच खुणेनं विचारलं. मी डोळे वटारले तेव्हा कुठं काठी खाली ठेवली.

हे म्हणजे माझा नवरा. वाळूजच्या कारखान्यात फिटर होते. उमेदीची वर्षं आम्ही बजाजनगरात भाड्याच्या खोलीत काढली आणि नंतर कर्ज काढून इकडं सिडकोत हे घर घेतलं. मी नर्स होते. चितेगावच्या आजूबाजूची खेडी माझ्याकडं होती. ऊन असो की चिखल, घरोघर जाऊन पोरांना डोस पाजायचा, बाळंतिणीला दटावायचं, सासूला त्याहून जास्त दटावायचं. त्या नोकरीनं दोन गोष्टी माझ्या अंगात भिनल्या. एक म्हणजे कुणाचंही दार वाजवायला मला लाज वाटत नाही. दुसरी, समोरचा काय बोलतोय ते पुरतं ऐकून घ्यायची मला सवय नाही. रिटायर झाल्यावरही गल्लीत मला सगळे सिस्टरच म्हणतात, आणि मीही आपली सगळ्यांना डोस पाजत असते.

गल्लीच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडं, दोन खोल्यांचं एक भाड्याचं घर आहे. तिथं एक ताई विशेष मुलांचं केंद्र चालवते. चौदा मुलं येतात. कुणाला बसता येत नाही, कुणाला बोलता येत नाही, कुणाचे हातपाय त्याच्या ताब्यात नाहीत. सकाळी सात ते संध्याकाळी सहा ती त्यांना सांभाळते. व्यायाम करून घेते, भरवते, पुसते, बदलते. सोबतीला एक मावशी आहे, बस्स. मुलांच्या आया धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या, कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या. पोर इथं ठेवता येतं म्हणून त्यांना कामावर जाता येतं.

त्यातली एक आई मला सगळ्यात ओळखीची. नाल्याच्या पलीकडं पत्र्याच्या खोल्यांची ओळ आहे, तिथं राहायची. नवरा नाही. चितेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. कंपनीची गाडी साडेसातला नाक्यावर यायची आणि ती कुणासाठी थांबत नसे. तिची लेक नऊ वर्षांची, पण आधाराशिवाय बसता येत नाही. खांद्यावर टाकून आणायची तिला. पोर मात्र गोड. कुठं भांडं वाजलं, कुकरची शिट्टी झाली की खदाखदा हसायची. केंद्र सुरू व्हायच्या आधी ही बाई पोरीला घरात ठेवून कामाला जायची. पडू नये म्हणून जुन्या साडीनं खाटेला बांधून. हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं, खाली मान घालून, आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ताई माझ्याकडं आली आणि चहाला बसली. म्हणाली, "सिस्टर, पुढच्या महिन्यापासून मी चारच दिवस केंद्र उघडं ठेवणार. पाचवा, सहावा, सातवा दिवस बंद."

"का गं? काय झालं?"

"पाणी पुरत नाही."

केंद्राच्या घराला हौद नाही. गच्चीवर एक टाकी, खाली दोन ड्रम. आपण बादलीभर पाण्यात दिवस ढकलू शकतो. तिथं एकेका पोराचे दिवसातून तीन-तीनदा कपडे बदलायचे, फरशी पुसायची, अंग पुसायचं. चौथ्या दिवशी टाकी खडखडाट. टँकर मागवून बघितला, पण तिचे पैसे केंद्रातल्या पोरांच्या खाण्यातच संपायचे. घाणीत मुलं ठेवणार नाही, त्यापेक्षा बंद करीन, असं ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

पण सातातले तीन दिवस केंद्र बंद म्हणजे त्या पॅकिंगवालीचे तीन दिवस खाडे. तिला कंपनीत आधीच सांगून ठेवलं होतं, आणखी खाडा झाला तर येऊच नको. मग नोकरी तरी जाणार, नाहीतर पोर पुन्हा खाटेला बांधली जाणार. दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. मला राहवेना.

"तू जा," मी ताईला म्हणाले, "मी बघते."

मी काय बघितलं ते ऐका आता. एक दिवस ठरवायचा आणि त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरानं केंद्राला एक हंडा पाणी द्यायचं. जास्त नको. एक घर, एक हंडा. ज्याला जमेल त्याच्याकडून पाच आणि ज्याला नाही त्याला माफी, असलं काही ठेवायचंच नाही. सगळ्यांनी सारखं, सगळ्यांनी थोडं. गल्लीत चाळीसेक घरं आहेत. चाळीस हंडे म्हणजे त्या केंद्राचे तीन दिवस आरामात निघतात. आहे काय त्यात अवघड?

आणि दिवस कुठला? अर्थातच नळाचा!

ताईनं तोंड उघडलं होतं. "सिस्टर, नळाच्या दिवशी नको, कारण—"

"अगं, नळाच्या दिवशीच! इतर दिवशी कोण देतंय तुला? पहिल्या दिवशी माणसाचं मन मोठं असतं. मला शिकवू नको, मी आयुष्यभर दारं वाजवली आहेत."

ती गप्प बसली. माझ्यापुढं गल्लीतले दांडगे बाप्ये गप्प बसतात, तर तिची काय कथा.

मी घरोघर फिरले. एकही घर नाही म्हणालं नाही. उलट लोक म्हणाले, एकच का सिस्टर, दोन घ्या की. समोरच्या मास्तरांनी फळ्यावरच्या अक्षरात कागद लिहून चौकात चिकटवला. मोबाइलच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर खाला, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मावशी, राहतात, सिल्लोडच्या. माझ्याच वयाच्या आणि माझ्याहून फटकळ. त्या तेवढ्या म्हणाल्या, "पैले दिन तो सबीच दिलदार रैते, सिस्टर." मला वाटलं, कौतुकच करतायत.

नळाचा दिवस उजाडला. दुपारी नळ आला आणि झालं, गल्लीत जत्रा. बायका डोक्यावर हंडे घेऊन निघाल्या, बाप्ये स्कूटरवर कॅन ठेवून निघाले, कुणी कळशी, कुणी बादली. मी केंद्राच्या फाटकात उभी राहून "या, या, एका रांगेत या" करतेय. छाती अशी फुगली होती माझी! ग्रुपवर टाकायला फोटो काढले. हेसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

पहिल्या बाईनं विचारलं, "कुठं ओतू?"

मी ड्रमाचं झाकण उचललं. ड्रम काठोकाठ भरलेला. दुसरा बघितला, तोही. वरची टाकी वाहायला लागली होती. अहो, वाहणारच! नळ काय आमच्याच घरी आला होता? तिच्याकडंही तोच नळ, तीच वेळ. तिची सगळी भांडी तिनं स्वतःच भरून ठेवली होती, आणि मी चाळीस घरांचं पाणी तिच्या दारात आणून उभी. कप्पाळ माझं!

लोकांना आपापले हंडे परत हवे होते, घरी त्यांना अजून पाणी भरायचं होतं. मग काय, अंगण धुतलं. दोन झाडं होती त्यांना पाजलं. कुणीतरी फाटक धुतलं, कुणी रस्ता. उरलेलं उतारानं नाल्याकडं गेलं. पाण्यासाठी हाणामाऱ्या करणारी आमची गल्ली, त्या दिवशी रस्त्यावरून पाण्याचा ओहोळ चालला होता आणि सगळे खुशीत होते. दान केल्याचं समाधान होतं ना! ताईनं सगळ्यांना हात जोडले. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. तरीही रात्री मी ग्रुपवर लिहिलं, उपक्रम यशस्वी, सर्वांचे आभार. हे आता सांगताना लाज वाटते, पण लिहिलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघाले, तर केंद्राच्या फाटकाला कुलूप. आणि फाटकासमोर ती आई उभी, खांद्यावर पोर. तिला निरोप पोचला नव्हता की तिनं मानला नव्हता, कोण जाणे. सात वाजून गेले होते.

"बंद हाय व्हय, सिस्टर?"

"पाणी नाही गं."

"नाय कसं? परवा तर लई पाणी दिलं म्हणं तुम्ही समद्यांनी. पार आमच्या नाल्यापस्तोर आलं व्हतं."

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. कुणी कानाखाली वाजवली असती तरी मला इतकं लागलं नसतं. मी म्हणाले, "दे ती पोर इकडं. तू जा. गाडी चुकवू नको."

"पण तुम्ही—"

"जा म्हणते ना!"

ती पळाली. मी पोरीला कडेवर घेऊन घरी आले. नऊ वर्षांचं लेकरू, माझी कंबर बोलायला लागली. ह्यांच्या शेजारी तिला उशा लावून बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले. पिण्याचे दोन हंडे होते. हौदात बोटभर पाणी. मी एक हंडा उचलला. हे दारात आडवे आले नाहीत, पण म्हणाले, "अगं, अजून तीन दिवस काढायचेत."

"माहीत आहे मला," मी म्हणाले, आणि खरं सांगू, हात जड झाला होता माझा. पहिल्या दिवशी दहा हंडे दिले असते तरी इतका जड झाला नसता.

मग फिरले घरोघर. तीच दारं, तीच माणसं. एक दार उघडलंच नाही, आत टीव्ही चालू होता तरी. एका घरात म्हणाले, पाहुणे येणार आहेत. एकीनं तोंडावर विचारलं, "परवा दिला ना हंडा?"

"तो रस्त्यावर गेला."

"मग त्यात आमची काय चूक?"

चूक माझीच होती. मास्तरांनी अर्धा हंडा दिला आणि अर्धाच का, ते पाच मिनिटं समजावून सांगितलं. खालांनी दार उघडलं, माझ्या हातातल्या रिकाम्या कळशीकडं बघितलं आणि आत जाऊन भरलेला हंडा घेऊन आल्या. स्वतः खाली उतरवून दिला. गुडघे दुखतात त्यांचे, तरी. जिन्यात म्हणाल्या, "आज मांगे ना, आज सच्ची का दिया मैंने. उस दिन का तो नाटक था."

सगळे मिळून सातेक हंडे झाले. ताईला फोन करून बोलावलं. तिनं कुलूप काढलं, मी पोरीला तिथं आणून बसवलं आणि खाडा करून घरीच राहिलेल्या दोन-चार आयांना हाका मारल्या. त्या दिवशी केंद्र चाललं. मी तिथंच थांबले आणि ताईची माफी मागितली. मला कुणाची माफी मागायची सवय नाही, नीट जमलंही नाही. ती म्हणाली, "सिस्टर, मी सांगत होते." मी म्हणाले, "मोठ्यानं सांगत जा."

यावर उपाय खालांनी काढला. नळ आला की घरात पहिला हंडा भरायचा तो केंद्राचा. तो बाजूला ठेवायचा, झाकण लावायचं, झाकणाला फडकं बांधायचं. नंतर आपलं काय भरायचं ते भरा. त्या हंड्याला कुणी हात लावायचा नाही, आणि पाचव्या दिवशी सकाळी सातच्या आत तो केंद्राच्या ड्रमात रिकामा करायचा. द्यायचा एकच दिवस, पाचवा. पण ठरवायचं मात्र पहिल्या दिवशी, मन मोठं असताना. पाचव्या दिवशी माणूस आपल्या पाण्यातून द्यायला गेला की त्याला तहान लागते. आधीच दिलेलं नुसतं पोचवायचं असेल तर तितकं जड जात नाही.

लगेच सगळ्यांनी ऐकलं असं नाही. पहिल्या खेपेला बारा हंडे आले. मग मी आणि खाला, दोघी चौथ्या दिवशी संध्याकाळी चक्कर मारायला लागलो. मागायला नाही. नुसतं विचारायचं, "फडकं बांधलंय ना?" लोक आम्हाला बघून आत पळायचे. एका घरात फडकं होतं आणि हंडा रिकामा, त्या घरातल्या बाप्यानं दाढी केली होती त्या पाण्यानं. खालांनी त्याला असं काही झापलं की पुढच्या वेळी तो सकाळी सहालाच हंडा घेऊन उभा. हळूहळू वीस झाले, पंचवीस झाले, कधी तीस. घरातली लहान पोरंसुद्धा आईला सांगायला लागली, तो नको घेऊस, तो केंद्राचा आहे. पाणी देणाऱ्या बायका मग फाटकातून आत डोकवायला लागल्या. आधी त्या मुलांकडं बघायचं टाळायच्या, हे मला माहीत आहे, कारण मीही टाळायचे. आता कुणी येता-येता एखाद्या पोराचे गाल ओढायची, कुणी ती हसरी पोर हसावी म्हणून मुद्दाम हंडा आपटायची.

एकदा घडी बसली, मग केंद्र पाण्यासाठी एक दिवस बंद राहिलं नाही. त्या आईचा एक खाडा झाला नाही. कंपनीत तिला पॅकिंगच्या टेबलावर मुख्य केलं, असं तिनं मला पेढा देऊन सांगितलं. मी म्हणाले, "पेढा कशाला आणलास, पैसे वाचव." स्वभाव, दुसरं काय.

मग हा उन्हाळा आला. मुख्य पाइप कुठंतरी फुटला. आठवा दिवस आला, नळ नाही. ग्रुपवर निरोप, दोन दिवस लागतील. नववा दिवस, नळ नाही. पाचव्या दिवसाचे हंडे कधीच संपले होते. नवव्या दिवशी ताईनं स्वतःच्या घरचं पाणी स्कूटरवर चार खेपा करून आणलं आणि केंद्र चालवलं. संध्याकाळी मुलं न्यायला आलेल्या आयांना तिनं सांगितलं, "उद्या बंद. माझ्याकडं आता काहीच नाही." मी तिथंच होते. त्या पॅकिंगवालीनं पोरीला खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "एका दिवसाला किती लागतं, ताई?"

"आठ हंडे तरी."

ती पोरीला घेऊन नाल्याकडं गेली. त्या दिवसांत कंपनीत मोठ्या मालाची घाई होती, तिला आधीच बजावलं होतं की या आठवड्यात सुट्टी घेतलीस तर टेबल दुसरीला. हे मला माहीत होतं. ताईलाही माहीत होतं.

घरी आले तर हे हौदाशी. काठी वर काढून मला दाखवली, टोक नुसतं ओलं झालं होतं. स्वयंपाकघरात एक हंडा होता, झाकलेला. मी ठरवलं, या वेळी कुणाकडं जायचं नाही. लोकांना तरी किती पिळायचं, दहावा दिवस म्हणजे काही चेष्टा नाही, असं मी ह्यांना म्हणाले आणि स्वतःलाही तेच सांगितलं. पण मला लोकांची काळजी नव्हती. त्यांच्या दारात गेले असते तर आधी माझा हंडा न्यावा लागला असता, आणि तो मला न्यायचा नव्हता. इतकं साधं होतं ते. रात्रभर मी त्या एका हंड्याचा हिशेब करत पडले, चहाला इतकं, भाताला इतकं, ह्यांच्या गोळ्यांना इतकं.

सकाळी साडेसहाला मी केंद्रावर गेले. हंडा न घेता. ताईला तोंड द्यायला लागू नये म्हणून चुकून आलेल्या आयांना आपण समजवावं, एवढंच मनात होतं. ताई फाटकाशी उभी होती, किल्ली हातात, कुलूप लावलेलं.

नाल्याच्या बाजूनं ती येताना दिसली. डाव्या खांद्यावर पोर, उजव्या हातात तेलाचा मोठा पांढरा कॅन, पाण्यानं भरलेला. एका बाजूला कलून चालत होती. तिच्या मागं वस्तीतल्या पाच बायका. कुणाच्या डोक्यावर घागर, कुणाच्या कमरेवर कळशी. त्यांतल्या एकीचंही पोर केंद्रात नव्हतं.

"हे काय गं?" मी म्हणाले.

"पाणी." तिनं कॅन खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. "आमच्याकडं परवा टँकर आलता. एकेकीला विचारलं काल रातीला. आठ नाय झाले, सहा हायेत."

"अगं पण तुम्हाला ड्रम लावून ताटकळावं लागतं त्या टँकरसाठी. तुम्ही कशाला—"

"सिस्टर, एक बोलू का? राग नका मानू." पोरीला तिनं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "दोन वर्सं झाली, तुम्ही अन् खाला घरोघर फिरता. मी बघते रोज येताजाता. शेवटच्या घरापस्तोर येता अन् हितनं माघारी वळता. आमच्याकडं एकदाबी नाय आलात मागाया."

"तुमच्याकडं कसं मागायचं, बाई?" मी म्हणाले.

"का? आमच्या घरात पाणी नाय व्हय? कागदावर तर लिवलं व्हतं, समद्यांनी एक हंडा द्यायचा. लेक माझीच हाय ना आत? मग समद्यांत मीच कशी नाय?" ती रागानं बोलत नव्हती. "दोन वर्सं निस्तं घेतेय मी. लई जड वाटतंय, सिस्टर. तुम्हाला नाय कळायचं."

सगळ्यांनी, सगळ्यांनी म्हणत मी गल्लीभर ओरडत फिरले होते, आणि ज्या बाईसाठी फिरत होते तिलाच त्यातून वगळलं होतं. वाईट मनानं नाही. दया आली म्हणून. त्या दयेनं तिला दोन वर्षं नुसतं हात पुढं करायला लावलं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझाच मला संताप आला.

ताईनं कुलूप काढलं होतं. त्या बायकांनी एकेक करून ड्रमात पाणी ओतलं. कॅन तिनं स्वतः ओतला, शेवटचा थेंब पडेपर्यंत उलटा धरून. मग नाक्याकडं नजर टाकली, पोरीला माझ्या हातात दिलं, म्हणाली, "जाते. गाडी यील." आणि चपला वाजवत पळाली.

"सहा झाले," ताई म्हणाली. "दुपारपर्यंत नक्की निघेल. पुढचं बघू."

मी पोरीला आत तिच्या गादीवर नीट टेकवून बसवलं आणि घरी निघाले. वाटेत खालांच्या नावानं खालूनच हाक दिली, म्हटलं, उतरा खाली, कळशी घेऊन. मास्तरांच्या दारावर थाप मारली. अर्धा चालेल, पण आत्ता द्या, म्हटलं. घरात आले ती थेट स्वयंपाकघरात. हंड्यावरचं झाकण काढून एक तांब्याभर पाणी ह्यांच्या गोळ्यांसाठी बाजूला ठेवलं आणि हंडा ओट्यावरून खाली घेतला.

हे चहाची वाट बघत बसले होते. "काल तर म्हणालीस, कुणाकडं मागायचं नाही म्हणून."

"मागितलं नाही कुणी," मी म्हणाले. "नाल्यापलीकडच्या बायका देऊन गेल्या. आपलंच राहिलंय."

ते उठले, चपला घातल्या आणि दुसऱ्या बाजूनं हंड्याचा काठ धरला.